पहिला गेमिंग पीसी जोडताय? ग्राफिक कार्डाच्या आधी घरचं व्होल्टेज आणि अर्थिंग बघा

उसाचं बिल खात्यावर पडलं की घरातलं कॉलेजला जाणारं पोरगं हळूच विषय काढतं, "पप्पा, गेमिंग पीसी घ्यायचाय." मग मोबाईलवर व्हिडिओ बघून यादी तयार होते. यादीत सगळ्यात वर असतं ग्राफिक कार्ड, मग रंगीत लाईटवाले पंखे, मग काचेचं कॅबिनेट. सगळ्यात खाली, उरलेल्या पैशात, एसएमपीएस. म्हणजे पीसीला लाईट पुरवणारा डबा.

हे व्हिडिओ बनवणारे बहुतेक पुण्या-मुंबईचे. त्यांच्या फ्लॅटमध्ये दिवसभर २३० व्होल्ट येतं, अर्थिंग बिल्डरनं करून दिलेलं असतं. आपल्याकडं करमाळा, माढा, मोहोळ, बार्शीच्या वाडी-वस्तीवर संध्याकाळी बल्ब डीम होतो आणि रात्री शेतीच्या मोटारी बंद झाल्या की तोच बल्ब डोळे दिपवतो. त्यामुळं त्यांची यादी आपल्याकडं जशीच्या तशी चालत नाही. पीसी जुना होऊन स्लो झाला तर तो निदान चालतो तरी. लाईटनं मारला तर एका सेकंदात बोर्ड, कार्ड, एसएसडी सगळं एकदम जातं. म्हणून ही यादी आपण उलटी, घराच्या बोर्डापासून सुरू करू.

झिणझिण्या येतात, त्याचं कारण

पीसीच्या किंवा टीव्हीच्या लोखंडी बॉडीला हात लावला की बारीक करंट लागतो, टेस्टर लावला तर पेटतो. बरीच मंडळी म्हणतात, "पीस खराब आलाय." पीस बहुतेक वेळा चांगला असतो. एसएमपीएसच्या आत लाईटमधला कचरा गाळायला छोटे कपॅसिटर असतात. ते फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून बॉडीला जोडलेले असतात. त्यांच्यातून जो बारीक करंट झिरपतो तो अर्थिंगच्या तारेनं जमिनीत जायला हवा. अर्थिंग नसेल तर तो बॉडीवरच बसतो आणि मीटर लावला तर साधारण निम्मं व्होल्टेज, म्हणजे ११०-११५ च्या आसपास दाखवतो. त्यात माणूस मरत नाही. पण अशा पीसीची एचडीएमआय केबल टीव्हीला चालू असताना घातली की पोर्ट जळू शकतो, आणि तो पोर्ट ग्राफिक कार्डावरच असतो.

यावर काही ठिकाणी एक धोकादायक जुगाड केला जातो. थ्री-पिनच्या वरच्या मोठ्या भोकात अर्थऐवजी न्यूट्रलचीच तार लूप करून देतात. टेस्टर विझतो, झिणझिण्या थांबतात, सगळे खूश. पण पोलवर किंवा डीपीवर न्यूट्रल तुटला तर त्या लूपमधून पूर्ण २३० व्होल्ट कॅबिनेटच्या बॉडीवर येतं. हा जीवाशी खेळ आहे. घरात असं केलेलं असेल तर पीसीचा विषय बाजूला ठेवून आधी ते काढून घ्या. खरं अर्थिंग म्हणजे खड्डा, त्यात पाइप किंवा प्लेट, मीठ-कोळसा, आणि तिथून बोर्डापर्यंत सलग तार. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायचं विसरू नका, कोरड्या मातीत अर्थिंग नावालाच राहतं. वायरमनला फेज ते अर्थ मोजायला सांगा. फेज ते न्यूट्रल जेवढं येतं जवळपास तेवढंच यायला हवं. आणि खड्डाच दिसत नसताना अर्थिंग दाखवत असेल तर लूप मारलाय का ते विचारा.

न्यूट्रल गेल्यावर दुसरंही एक संकट येतं. घरात २३० च्या जागी ३००-४०० व्होल्ट शिरतं आणि एका रात्रीत गल्लीतले टीव्ही, फ्रिज, चार्जर जळतात. असं गाव सापडणं अवघड आहे जिथं हे घडलेलं नाही. त्यावर उपाय म्हणजे मीटरजवळ बसवायचा ओव्हर-अंडर व्होल्टेज कटऑफ. व्होल्टेज ठरावीक हद्दीबाहेर गेलं की तो लाईन तोडतो, नीट झालं की काही वेळानं स्वतःच जोडतो. एका चांगल्या गेमिंग माऊसच्या आसपास पैसे जातात आणि घरातलं सगळंच वाचतं.

एसएमपीएस: लेबल वाचा, मगच पैसे द्या

एसएमपीएसच्या बाजूला लेबल असतं. त्यावर इनपुटची ओळ शोधा. काहींवर १००-२४० व्होल्ट लिहिलेलं असतं, काहींवर २००-२४०. दुकानात दोन्ही सारखेच दिसतात. पण आपल्याकडं संध्याकाळी सात ते नऊ जर १७०-१८० व्होल्ट येत असेल, तर २००-२४० वाला त्या वेळी हद्दीबाहेर चालतो. गेम रंगात आला, कार्डानं जोर खेचला की पीसी फट्‌कन बंद. मग पोरगं कार्डाला शिव्या घालतं, दुकानदार विंडोज परत टाकून देतो, आणि आठवड्यानं पुन्हा तेच. म्हणून वस्तीवर राहणाऱ्यानं १००-२४० असलेलाच एसएमपीएस घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. यादीत कुठं काटछाट करायची असेल तर ती इथं करू नका.

किती वॅटचा? हिशोब सोपा आहे. आरटीएक्स ४०६० हे कार्ड ११५ वॅट खातं. रायझन ५ ७६०० सारखा प्रोसेसर जास्तीत जास्त ८८ वॅट. बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून ५० धरा. झाले २५०. याला ५५० वॅटचा चांगला एसएमपीएस भरपूर झाला. तो निम्म्या ताकदीवर चालतो, थंड राहतो, पंखा आवाज करत नाही, आणि पुढं मोठं कार्ड टाकायला जागाही उरते. कोणी ७५० किंवा ८५० गळ्यात मारत असेल तर तेवढे पैसे कार्डात घाला. ८० प्लस ब्रॉन्झ, गोल्ड हे शिक्के लाईट किती वाया जाते ते सांगतात. आत संरक्षणाची सर्किटं किती चांगली आहेत ते त्या शिक्क्यावरून कळत नाही. त्यासाठी वॉरंटीची वर्षं बघा. कंपनी पाच किंवा सात वर्षांची हमी देत असेल तर तिला स्वतःच्या मालावर भरवसा आहे असं समजा.

कॅबिनेटसोबत फुकट येणारा "४५० वॅट"वाला हलका डबा गेमिंगला लावू नका. हातात घेऊन वजनावरूनही फरक कळतो. त्यातून ग्राफिक कार्डाला जाणारी सहा किंवा आठ पिनची केबलच बहुतेकदा नसते. मग दुकानदार जुन्या चार पिनच्या प्लगवरून कन्व्हर्टर जोडून देतो. मदरबोर्डचा स्लॉट कार्डाला ७५ वॅट देतो, सहा पिन आणखी ७५, आणि आठ पिन १५०. एवढा करंट त्या बारीक तारेतून खेचला की प्लग तापून पिवळा पडतो. ज्या कार्डाला आठ पिन लागते त्याला एसएमपीएसमधूनच निघालेली आठ पिन हवी.

"आय-सेव्हन गेमिंग पीसी" स्वस्तात मिळतोय? थांबा

ऑनलाईन आणि तालुक्याच्या दुकानातही एक पीसी जोरात विकला जातो. आय-फाय किंवा आय-सेव्हन, १६ जीबी रॅम, ग्राफिक कार्ड, रंगीत पंखे, आणि किंमत चांगल्या मोबाईलपेक्षा कमी. जाहिरातीत "आय-सेव्हन" एवढंच मोठ्या अक्षरात. पुढचा नंबर विचारला तर, "दादा, आय-सेव्हन हाय ना, अजून काय पायजे?"

पायजे तो पुढचाच नंबर. आय-सेव्हन २६०० म्हणजे दुसऱ्या पिढीचा, २०११ सालचा. आय-फाय ३४७० म्हणजे तिसऱ्या पिढीचा, २०१२ चा. आय-फाय १२४०० म्हणजे बाराव्या पिढीचा. नंबर चार आकडी असेल तर पहिला आकडा आणि पाच आकडी असेल तर पहिले दोन आकडे म्हणजे पिढी. या स्वस्त पीसीत एच६१ नावाचा बोर्ड असतो, तोही २०११ च्या काळातला, आणि कार्ड बहुतेक जीटी ७३०, जे २०१४ साली आलं तेव्हाही गेमिंगचं नव्हतं. कंपनीच्या नियमाप्रमाणं विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. व्हॅलोरंटसारखा गेम विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट चालू असल्याशिवाय उघडत नाही. म्हणजे आज घेतलेला हा "नवीन" पीसी पहिल्या दिवसापासून म्हातारा आहे. ऑफिसचं काम, टायपिंग, दाखले काढायला तो चालेल, आणि त्या कामासाठी त्या किमतीत वाईटही नाही. गेमिंग म्हणून मात्र घेऊ नका.

प्रोसेसर, बोर्ड, रॅम: ही तिघं एकाच घरची हवीत

कंपॅटिबल आहे का, या प्रश्नाचं निम्मं उत्तर या तिघांत आहे. प्रोसेसर ज्या खोबणीत बसतो तिला सॉकेट म्हणतात. खोबण वेगळी असेल तर प्रोसेसर बसतच नाही, ट्रॅक्टरच्या ट्यूबचा आणि मोटारसायकलच्या टायरचा मेळ जसा बसत नाही तसा. रॅमचंही तेच. डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हीला २८८ पिना असतात, लांबीही सारखीच, पण मधली खाच वेगळ्या जागी. जोर लावून बसवायला गेलात तर स्लॉट तुटेल.

सध्या नवीन घेणाऱ्यासमोर मुख्य तीन घरं आहेत. एएमडीचं एएम४, एएमडीचं एएम५ आणि इंटेलचं एलजीए १७००. इंटेलचं त्यापुढचं १८५१ पण आहे, ते २०२४ च्या ऑक्टोबरात आलं, पण पहिल्या पीसीसाठी मी तरी तिकडं जाणार नाही.

एएम४ हे २०१६-१७ चं घर. याची गोष्ट सांगण्यासारखी आहे. ज्यांनी तेव्हा बोर्ड घेतला त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना पाच वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलून, बायोस अपडेट करून, जवळपास दुप्पट ताकद मिळाली. बोर्ड तोच, रॅम तीच. टिकाऊ घेणं म्हणतात ते हे. आता त्या घरात नवीन मजले चढत नाहीत, पण रायझन ५ ५६०० आणि बी५५० बोर्ड ही जोडी कमी पैशात आजही छान चालते. एएम५ आलं २०२२ च्या सप्टेंबरात. त्यात फक्त डीडीआर५ चालते. २०२४ साली त्याच खोबणीत ९००० मालिका आली आणि २०२७ पर्यंत आणि पुढंही हे सॉकेट चालवू असं एएमडीनं जाहीर केलंय. पाच-सात वर्षं पीसी वापरायचा, मधे एकदा प्रोसेसर बदलायचा असा विचार असेल तर एएम५ घ्या. सुरुवातीला थोडं महाग पडतं, पण दुसऱ्या वेळी बोर्ड आणि रॅमचे पैसे वाचतात.

इंटेलच्या एलजीए १७०० मध्ये बारावी, तेरावी, चौदावी अशा तीन पिढ्या बसतात. काही बोर्ड डीडीआर४ चे, काही डीडीआर५ चे, ते बोर्डच्या नावातच लिहिलेलं असतं. आय-फाय १२४००एफ स्वस्त आणि दणकट आहे. तेराव्या-चौदाव्या पिढीच्या काही ताकदवान प्रोसेसरांत व्होल्टेज जास्त जाऊन ते कायमचे बिघडत होते, हे २०२४ मध्ये इंटेलनं स्वतः मान्य केलं, बायोसमधून दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. म्हणून त्या पिढीचा सेकंडहँड घेताना सांभाळून, आणि नवीन घेतला तरी पहिलं काम बायोस अपडेट. बाराव्या पिढीत ही भानगड नव्हती.

नावाच्या शेवटच्या अक्षराकडं लक्ष द्या. शेवटी एफ असेल तर त्यात स्वतःचं ग्राफिक नसतं. म्हणजे उद्या कार्ड बिघडून वॉरंटीला गेलं तर ते येईपर्यंत, महिना-दीड महिना, पीसी आंधळा. जवळ सर्व्हिस सेंटर नसलेल्या माणसाला मी एफ नसलेलाच सुचवीन. रायझन ५ ७६०० मध्ये जुजबी ग्राफिक असतं, गेम चालणार नाही पण स्क्रीन तरी दिसेल, पोरांचा ऑनलाईन फॉर्म तरी भरला जाईल. एएम४ च्या ५६०० मध्ये ते नसतं, ५६००जी मध्ये असतं.

पैसे अगदीच कमी असतील तर आणखी एक वाट आहे. रायझन ५ ८६००जी सारखा प्रोसेसर घ्या, ज्यात आतलं ग्राफिकच बऱ्यापैकी आहे. व्हॅलोरंट, जीटीए ५ त्यावर मजेत चालतात. पुढच्या हंगामात कार्ड घाला. फक्त यात रॅमच्या दोन काड्या हव्यातच, एकावर आतलं ग्राफिक लंगडतं.

रॅमबद्दल सध्याचं सांगायचं तर २०२५ च्या शेवटापासून भाव जोरात चढलेत, कारण मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांचा माल एआयच्या डेटा सेंटरांकडं वळलाय. दोन महिन्यांपूर्वीच्या व्हिडिओतला भाव धरून दुकानात जाऊ नका. स्वतंत्र कार्ड असलेल्या पीसीत १६ जीबीची एकच काडी घेऊन पुढं तीच कंपनी, तोच मॉडेल नंबर बघून दुसरी टाकता येते. थोडा वेग कमी मिळेल, पण ८-८ च्या दोन घेऊन नंतर दोन्ही काढण्यापेक्षा बरं.

कार्ड, मॉनिटर आणि बाकीचं

कार्ड मॉनिटरवरून ठरतं. २४ इंची फुल एचडी मॉनिटर घेणार असाल, आणि पहिल्या पीसीला तोच पुरे, तर मोठ्या कार्डाची गरज नाही. आरएक्स ६६००, आरटीएक्स ४०६०, आरटीएक्स ५०६० ही त्या कामाची. मात्र वर्षानुवर्षं टिकवायचं असेल तर कार्डावरची मेमरी बघा. ८ जीबी आज बहुतेक गेमला चालते, पण नवे मोठे गेम फुल एचडीतसुद्धा ती भरून टाकायला लागलेत. थोडे पैसे वाढवून १२ किंवा १६ जीबीचं घेता आलं, जसं आरएक्स ९०६० एक्सटीचं १६ जीबीवालं, तर दोन वर्षं जास्त निघतील. इंटेलचं आर्क बी५८० पण १२ जीबीत चांगलं आहे, पण ते जुन्या बोर्डावर लावू नका. रिसायझेबल बार नावाची सोय बोर्डात नसेल तर त्याचा वेग फार पडतो.

एसएसडी एनव्हीएमई घ्या, एक टीबीची. जीटीए ५ एकट्यालाच शंभर जीबीच्या वर जागा लागते. आणि जाता जाता, रोजच्या दोन जीबीच्या मोबाईल डेटावर शंभर जीबीचा गेम उतरवायला पन्नास दिवस लागतील, हाही हिशोब घरी आधी करा. गावात फायबर नसेल तर तालुक्याला मित्राकडं गेम पोर्टेबल डिस्कवर घेऊन यावा लागेल. सगळ्या मदरबोर्डांत वायफाय नसतं, बोर्डच्या नावात ते लिहिलेलं असेल तरच असतं. नसेल तर मोबाईल यूएसबी केबलनं जोडूनही इंटरनेट चालतं.

कॅबिनेट समोरून जाळीचं घ्या, काचेचं नको. मे महिन्यात सोलापूर जिल्ह्यात पारा ४२-४३ ला जातो, पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त. समोर काच असेल तर पंखे कितीही लावा, आत हवा जायला वाटच नसते. समोर दोन पंखे आत ओढणारे, मागं एक बाहेर फेकणारा, एवढं पुष्कळ. जाळीला फिल्टर हवाच. ज्वारीची मळणी, पाचट जाळल्यावर उडणारी काजळी, चुलीचा धूर, हे सगळं आत जातं आणि तेलकट थर बसतो. दर दोन महिन्यांनी ब्लोअर मारा, पण मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा, नाहीतर उलटा फिरून पंखा खराब होतो. पाण्याच्या कूलरच्या नादी लागू नका, त्याचा पंप गेला तर इथं कोण बघणार? साधा हवेचा कूलर दहा वर्षं चालतो. मागच्या बाजूची स्लॉटची पट्टी काढलेली असेल तर परत लावा. पाल आत शिरून बोर्डावर चिकटून मेली की शॉर्टसर्किट होतं. हसण्यावारी नेऊ नका, रिपेअरवाल्याला विचारा.

घ्यायच्या आधी कार्डाची लांबी आणि कॅबिनेटमध्ये किती लांबीचं कार्ड बसतं, कूलरची उंची, हे तीन आकडे जुळवा. प्रत्येक कंपनीच्या वेबसाइटवर मिलिमीटरमध्ये दिलेले असतात. मायक्रो एटीएक्स बोर्ड २४४ बाय २४४ मिलिमीटरचा असतो, तो मोठ्या कॅबिनेटमध्ये बसतो. उलटं होत नाही.

इन्व्हर्टर चालेल का?

घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागं यूपीएस आणि इको असं बटन असतं. पंखे-बल्बसाठी लोक ते इकोवर ठेवतात. पीसीसाठी यूपीएसवर हवं. लाईट गेल्यावर एसएमपीएस स्वतःच्या साठ्यावर साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरतो, यूपीएस मोडमध्ये इन्व्हर्टर त्याच्या आत चालू होतो, इकोमध्ये जास्त वेळ घेतो आणि पीसी रिस्टार्ट होतो. पण यूपीएस मोडला व्होल्टेज १८० च्या खाली गेलं की तो बॅटरीवर जातो, म्हणजे डीम लाईटच्या गावात बॅटरी संध्याकाळीच संपेल. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर चांगल्या एसएमपीएसशी त्याचं जमत नाही, प्युअर साइन वेव्हच हवा.

वेगळा यूपीएस घ्यायचा तर ६०० व्हीएचा साधारण ३६० वॅट देतो. वरच्या २५० वॅटच्या पीसीला मॉनिटरसकट तो काठावर पुरतो, तोही सेव्ह करून बंद करण्यापुरता. हजार-अकराशे व्हीएचा घेतलात तर निवांत. आणि जूनच्या सुरुवातीला आभाळ गडगडायला लागलं की यूपीएस, कटऑफ, स्पाइक गार्ड यांच्यावर विसंबू नका. प्लग भिंतीतून उपसा, डिशची आणि इंटरनेटची वायरही काढा. वीजबिलाचं म्हणाल तर ३०० वॅटनं रोज चार तास म्हणजे दिवसाला १.२ युनिट, महिन्याला ३६.

कुठून आणि कसं घ्यावं

मुंबईत लॅमिंग्टन रोड, ग्रँट रोड स्टेशनजवळ, हा जुना बाजार आहे. ऑनलाईनही मिळतं. काही सुटे भाग तिथून आणि काही तालुक्यातून असं मिसळायला हरकत नाही, पण एसएमपीएस आणि मदरबोर्ड शक्यतो जवळच्या, जीएसटी बिल देणाऱ्या दुकानातून घ्या, कारण वॉरंटीला हेच जास्त जातात. बिलावर प्रत्येक भागाचा सिरियल नंबर लिहून घ्या. "कच्चं बिल घ्या, जीएसटीचे वाचतील" म्हणणाऱ्याला वर्षानं शोधत बसावं लागतं. प्रोसेसर सीलबंद खोक्यातला घ्या, त्याला कंपनीची तीन वर्षं वॉरंटी असते. खोक्याशिवाय ट्रेमधला सुटा घेतला तर फक्त दुकानदाराचा शब्द. ऑनलाईन पार्सल उघडताना सलग व्हिडिओ काढा, बोर्डच्या सॉकेटमधल्या पिना जवळून दाखवा. वाकलेली पिन वॉरंटीत बसत नाही, आणि ती आधीच वाकलेली होती हे नंतर सिद्ध करता येत नाही.

सेकंडहँड कार्ड स्वस्त मिळतात. इथेरियम या क्रिप्टोचं कार्डावरचं मायनिंग १५ सप्टेंबर २०२२ ला बंद झालं, तेव्हा दिवसरात्र राबलेली हजारो कार्डं बाजारात आली, ती अजून फिरतायत. अर्धा तास गेम चालवून, पंख्याचा आवाज ऐकून, जीपीयू-झेड नावाच्या फुकट ॲपमध्ये नाव तपासूनच पैसे द्या. जुन्या चिपवर जीटीएक्स १०५० टीआयचं नाव चढवून विकलेली कार्डंही आहेत, त्यांना हे ॲप सरळ नकली म्हणून दाखवतं. एसएमपीएस मात्र सेकंडहँड कधीच नको.

जोडताना

आधी सगळं कॅबिनेटच्या बाहेर, बोर्डच्या खोक्यावर ठेवून चालू करून बघा. रॅमच्या दोन काड्या असतील तर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. कूलरखालचं प्लास्टिक काढायचं लक्षात ठेवा. प्रोसेसरची आठ पिन आणि कार्डाची आठ पिन दिसायला सारखी, पण वेगळी. केबलवरचं नाव वाचा, जबरदस्ती करू नका. एसएमपीएसच्या केबल निघणाऱ्या असतील तर त्या त्याच्यासोबत आलेल्याच वापरा. दुसऱ्या कंपनीची केबल प्लगमध्ये बसते, पण आतली तारांची मांडणी वेगळी असते आणि पहिल्याच चालूला एसएसडी जाते.

चालू झाल्यावर बायोसमध्ये जाऊन एएमडीला एक्सपो किंवा इंटेलला एक्सएमपी चालू करा, नाहीतर घेतलेली फास्ट रॅम हळूच चालते. मॉनिटरची केबल मदरबोर्डला न लावता खाली ग्राफिक कार्डाला लावा. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन १४४ हर्ट्झ निवडा, ते आपोआप होत नाही. पहिले सात दिवस खोकी, थर्माकोल आणि बिल एका पोत्यात भरून माळ्यावर ठेवा, आणि त्या सात दिवसांत एकदा तरी संध्याकाळी आठला, लाईट सगळ्यात डीम असताना, सगळ्यात जड गेम तासभर चालवून बघा.